अर्धं सर्कल

आमच्या तालुक्याच्या गावात मधोमध एक सर्कल आहे. त्याच्याइतकी घाण जागा मी उभ्या धाराशिव जिल्ह्यात पाहिली नाही, आणि जिल्हा मी चाकाखाली घातलेला माणूस आहे. येरमाळ्याच्या यात्रेची गर्दी, अणदूरच्या खंडोबाला निघालेले टेम्पो, उसाच्या दिवसांतला हायवे, सगळ्यातनं गाडी काढलीय. कुठं मळमळलं नाही. या सर्कलजवळ आलं की मळमळतं.

मी लोकांना गाडी शिकवतो. बावीस वर्षं झाली. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखालीसुद्धा क्लच आणि ब्रेक असतो, म्हणून आजवर कुणाला खरचटलं नाही. नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी मी त्याला एक प्रश्न विचारतो. सर्कलला आधी कोण जाणार? उत्तर साधं आहे. जो आत फिरतोय तो आधी, बाहेरच्यानं थांबायचं. हे उत्तर मला बावीस वर्षांत दोघा-तिघांनी दिलं असेल. बाकीचे सांगतात, ज्याची गाडी मोठी तो. एकजण म्हणाला, ज्याचा हॉर्न आधी वाजला तो. एक शाळेतले गुरुजी होते, ते म्हणाले, ज्याला घाई आहे तो. म्हटलं गुरुजी, घाई कुणाला नाही? तर म्हणतात, तोच तर घोळ आहे. आता अशा माणसाला काय शिकवायचं, कप्पाळ!

जे गाडी चालवतात त्यांची मतं तर विचारूच नका. उसाचा ट्रॅक्टरवाला म्हणतो, सर्कल म्हणजे सरकारनं रस्त्यात आणून टाकलेला धोंडा. त्याचं एक वेळ पटतं. मागं दोन ट्रॉल्या जोडलेल्या, हेड वळतं, पहिली ट्रॉली कशीबशी वळते, दुसरी सरळ कठड्यावर चढते. पण जीपवाले? त्यांना वाटतं सर्कल हा त्यांच्यासाठीच बांधलेला थांबा. ऐन वळणावर जीप लावून गावांची नावं ओरडत बसतात, आणि मागून हॉर्न दिला की काच खाली करून आधी पिचकारी मारतात, मग विचारतात, काय झालं? कठड्याला काळे-पिवळे पट्टे होते हे मला आठवतं म्हणून मी सांगतो. नव्या माणसाला तो विटकरी रंगाचाच वाटेल. वरनं वाढदिवसांचे फ्लेक्स, कठड्याला असे आडवे बांधलेले की पलीकडनं कोण येतंय ते दिसूच नये. ज्याचा वाढदिवस तो फ्लेक्सवर गॉगल लावून बोट दाखवतोय. कुणाला दाखवतोय देव जाणे.

सर्कल नवीन होतं तेव्हा आत कारंजं होतं. आठवडाभर उडालं, मग मोटार जळाली. हौदात पाणी साचलं, त्यात शेवाळ, गुटख्याच्या पुड्या, एकदा तर मेलेलं कुत्र्याचं पिल्लू चार दिवस तरंगत होतं. कुणी काढलं नाही. लोक नाकाला रुमाल लावून वळसा घालायचे आणि रुमाल काढून पलीकडं थुंकायचे. मग बाजारपेठेतल्या मंडळींच्या डोक्यात आलं की हौद बुजवावा आणि तिथं महादेवाची पिंड बसवावी. देव बसला की कुणाची थुंकायची छाती होणार नाही. आमच्या घराण्यात महादेवाचं, सोमवार कडक, त्यामुळं मलाही ते पटलं. बैठकीला मला मुद्दाम बोलावलं. म्हणाले, मास्तर, वाहतुकीतलं तुम्हाला कळतं, तुम्ही बोला.

मी बोललो. वाहतुकीचा एक शब्द नाही. मी म्हणालो, पिंडीची पन्हळ उत्तरेलाच पाहिजे, नाहीतर दोष लागतो. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझाच शब्द राहिला. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिंडीवर घातलेलं पाणी ज्या तोंडातनं बाहेर पडतं ती पन्हळ. महादेवाला पुरती प्रदक्षिणा घालत नाहीत. पन्हळीपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं माघारी फिरायचं, पन्हळ ओलांडायची नाही. आईच्या कडेवर असल्यापासनं हे पायात बसलेलं असतं. देवळात ते शोभतं. पण सर्कलला गाडी डावीकडनंच न्यावी लागते, आणि आमच्या गावात पश्चिमेकडच्या खेड्यांतनं आलेल्या माणसाला पूर्वेला दवाखान्याकडं जायचं असेल तर वाट बरोबर उत्तरेवरनं जाते. म्हणजे पन्हळीपुढनं.

पिंड बसली त्याच सोमवारी पहिला शहाणा निघाला. पश्चिमेकडनं आला, पन्हळ बघितली, मोटारसायकलवरनंच हात जोडले आणि हँडल उजवीकडं फिरवून उलट्या अंगानं निघून गेला. त्याच्यामागं दुसरा. महिन्याभरात निम्मं गाव उलटं फिरायला लागलं. ज्यांनी जन्मात कधी बेलाचं पान वाहिलं नाही तेसुद्धा, कारण त्यांना तेवढंच निमित्त पाहिजे होतं. समोरासमोर गाड्या यायच्या, आरसे तुटायचे, आया-बहिणी निघायच्या. सरळ येणारा म्हणायचा कायदा माझ्या बाजूला, उलटा येणारा म्हणायचा महादेव माझ्या बाजूला. आणि थुंकणं? ते थांबलंच नाही. फक्त आता पिंडीकडं पाठ करून थुंकतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

अजून ऐका. रोज सकाळी अभिषेक होतो. दूध, दही, पाणी पन्हळीतनं सरळ रस्त्यावर येतं, कारण नाली काढायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्यासुद्धा नाही. दोन वर्षांत तिथलं डांबर उखडलं आणि रस्त्याच्या या कडेपासनं त्या कडेपर्यंत खड्डा पडला. त्यात पांढरट हिरवं पाणी, आंबलेल्या दुधाचा वास, कुजलेला बेल, घोंगावणाऱ्या माशा. देवाच्या अंगावरनं आलेलं पाणी म्हणून कुणी झाडत नाही, आणि घाण म्हणून कुणी जवळ जात नाही. मी जाणत्या माणसांना विचारलं, तर ते म्हणाले की पन्हळ झाकलेली असली तर ओलांडायला हरकत नसते. मी शहाबादी फरशी आणली आणि चार माणसांदेखत पन्हळीवर झाकली. दुसऱ्या दिवशी फरशी गायब. शोधली तर चहाच्या टपरीपुढं पायरी झाली होती. टपरीवाला मलाच म्हणतो, मास्तर, या, पाय पुसून या.

सर्कलचा नाद तर मी पिंड बसल्यापासनंच सोडला होता. शिकायला आलेल्या माणसाला त्या घाणीत कशाला न्यायचं, म्हणून मोंढ्याच्या मागच्या गल्लीनं दवाखान्याकडं काढायचो. गल्लीत गाढवं, हमाल, पोत्यांचे ढीग, पण निदान तो वास नाही.

आता अक्काचं सांगतो. माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी, माकणीच्या अलीकडं एका खेड्यात दिलेली. दाजींचं किराणा दुकान आणि थोडी जमीन. दाजी म्हणजे सज्जन माणूस, श्रावणातला एक सोमवार कधी मोडला नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांची किडनी गेली. तेव्हापासनं दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना आमच्या गावच्या दवाखान्यात डायलिसिसला आणावं लागतं. सकाळी आठचा नंबर. आठला माणूस बाकावर नसेल तर मशीन पुढच्याला लावतात, आणि मागं लई लोक असतात. त्यांची मुलगी पुण्याला. दाजींची स्वतःची जुनी मोटार शेडमध्ये उभी, पण चालवायला अंगात बळ नाही. गावातला एक जीपवाला ने-आण करायचा. लग्नाचं भाडं मिळालं की हा बाबा फोन बंद करायचा. असा एक शुक्रवार चुकला आणि शनिवारी दाजींना दारातल्या दोन पायऱ्या चढवेनात. पाय सुजून रांजण झाले, बोलताना दम लागायला लागला.

त्याच दिवशी अक्काचा फोन आला. म्हणाली, तुझी शिकवणी मोडून तू तरी किती दिवस येशील, मला गाडी शिकव. वय छप्पन्न. सायकलसुद्धा कधी चालवलेली नाही. मी हसलो. ती हसली नाही.

धरणाकडच्या मोकळ्या रस्त्यावर मी तिला शिकवलं. आठवड्यातनं तीन दिवस, उन्हं तापायच्या आत. सुरुवातीला गियर टाकताना ती डोळे मिटायची. मी ओरडायचो. माझा स्वभावच तापट, त्यात रक्ताचं नातं, मग तर आवाजाला धरबंदच नाही. एकदा ती गाडी बंद करून शांतपणे म्हणाली की तू लई वरडतोस, एवढं वरडून बैलबी शिकत न्हाय. म्हशी आडव्या आल्या की त्यांना हात करून सावकाश जा म्हणायची. पण आरसा बघितल्याशिवाय गाडी कधी वळवली नाही. महिनाभरात मोठ्या रस्त्यावर, सव्वा महिन्यात गावात. गावात आणलं तेव्हा मोंढ्याच्या गल्लीनं नेलं. सर्कल मी फक्त वहीवर काढून दाखवलं, बाण काढले, डावीकडनं कसं फिरायचं ते समजावलं आणि म्हणालो, मरायचं असेल तर उजवीकडनं घे. परीक्षा मैदानावर झाली. पहिल्या झटक्यात पास. साहेबानं तिला विचारलं म्हणे, कुणी शिकवलं? तिनं माझं नाव सांगितलं. माझी मान ताठ झाली होती, खोटं कशाला बोलू.

लायसन घरी आलं त्याच आठवड्यात जीपवाल्यानं परत मंगळवार चुकवला. शुक्रवारी मी नेते, अक्का म्हणाली, तू नुसता शेजारी बस. मी आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम केला. सकाळी दाजींना दोघांनी धरून मागच्या सीटवर बसवलं. मागच्या शुक्रवारपासनचं पाणी अंगात साठलेलं, चेहरा सुजलेला, श्वास छातीत अडकत होता. ही त्यांची मोटार, माझ्या पायाखाली ब्रेक नाही. तरी माझा पाय सगळ्या वाटेनं खाली दाबत होता. अक्कानं गाडी अशी आणली की मला एक शब्द बोलायची वेळ आली नाही.

गावात शिरलो तेव्हा आठला पंधरा मिनिटं होती. मोंढ्याच्या गल्लीच्या तोंडाशी दगड लावलेले. आत नाली खोदली होती, गल्लीभर. मी खाली उतरून बघून आलो, मोटारसायकलसुद्धा जाणार नव्हती. आता सर्कलशिवाय वाट नव्हती.

सर्कलला आलो तर उजव्या अंगाला नेहमीचा राडा. उसाची ट्रॉली कठड्यावर चढून बसलेली, तिच्यापुढं दोन जिपा, उलटे आलेले आणि सुलटे आलेले एकमेकांच्या तोंडात तोंड घालून उभे. हॉर्न, शिव्या, धूर. डाव्या अंगाला पन्हळीची बाजू. तिथं कुणी नाही. नुसता तो खड्डा, ते पाणी, त्या माशा. त्या वाटेनं दवाखाना एका मिनिटावर होता.

अक्कानं डावा दिवा लावला आणि गाडी पुढं घेतली. वळणावर आल्यावर तिला पन्हळ दिसली. ही वाट पन्हळीपुढनं जाते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. जीपवाला नेहमी उलटा जायचा, आणि ती मागं दाजींचं डोकं धरून बसायची. तिनं करकचून ब्रेक मारला. टपरीवर चहा पिणारे चार-पाचजण उठून उभे राहिले. त्यातला एक पुढं आला, तोंडात तोबरा, हनुवटीवर लाल ओघळ. बोलता येईना म्हणून हातानं थांबा, थांबा करत पन्हळीकडं बोट दाखवायला लागला. 

आणि मी, बावीस वर्षं शिकवणारा मास्तर, काय म्हणालो?

"अक्का, उजवीकडनं घे."

तिनं माझ्याकडं बघितलं. उजवीकडं ट्रॉली आडवी अडकलेली तिला दिसत होती, मलाही दिसत होती. उजवीकडनं दहा मिनिटांत गाडी निघाली नसती. मी म्हणालो, सगळे तिकडनंच जातात, निघंल वाट, घे.

मागनं दाजींनी विचारलं, वेळ किती झाला? एवढंच. तेवढं बोलायलाही त्यांना दोनदा दम घ्यावा लागला. सात मिनिटं राहिली होती.

"तू वलांडलीस का कधी?" अक्का मला म्हणाली. "पिंड बसल्यापासनं, एकदा तरी?"

मी खिडकीतनं बाहेर बघितलं. मोंढ्याच्या गल्लीनं मी शिकाऊ लोकांना नेत होतो खरं. पण गाडीत कुणी नसतानाही मी त्याच गल्लीनं जात होतो. इतकी वर्षं. लोकांना नावं ठेवत, फरशी आणत, टपरीवाल्याशी भांडत, आणि स्वतः गाढवांच्या लिदीतनं गाडी काढत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला स्वतःला तरी कुठं सांगितलं होतं?

अक्काला उत्तर मिळालं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"मग उतर तू. तुझ्या जिवाला घोर नको. दोष लागायचा तो मला लागू दे, मला ह्यांना न्यायचंय."

मी उतरलो. लाज वाटली आणि तरीही उतरलो, हे सांगताना माझा मलाच वीट येतोय. दार लावायच्या आधीच तिनं पहिला गियर टाकला होता. तोबरेवाला अजून हात हलवत पुढंच उभा. तिनं हॉर्न दिला, एकदाच, लांब, आणि गाडी सरळ पाण्यात घातली. ते पांढरं हिरवं पाणी दोन्ही बाजूंना उडालं. तोबरेवाल्याच्या पँटला कमरेपर्यंत बेलाची पानं चिकटली. गाडी खड्ड्यातनं एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली. तिनं दिवासुद्धा वेळेवर बंद केला.

टपरीवर कुणीतरी म्हणालं, बाईमाणूस असून बघा. दुसरं कुणीतरी माझ्याकडं बघत होतं. मी चालायला लागलो. पन्हळीपुढनं गेलो असतो तर चाळीस पावलं. मी मनाशी म्हणालोसुद्धा की जायचं, आता तरी जायचं. पण पाण्याच्या कडेपर्यंत आलो आणि पाय आपोआप उजवीकडं वळले. ट्रॉली आणि जीप यांच्या फटीतनं, उसाची पाचट तोंडावर घासत, शिव्या खात, मी सर्कलच्या उलट्या अंगानं पलीकडं निघालो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. बाहेर मोटार उभी होती, दारांच्या वरपर्यंत त्या पाण्याचे शिंतोडे. वास दुरूनच येत होता. अक्का आतल्या व्हरांड्यात बाकावर बसली होती, गाडीची किल्ली पदराच्या गाठीत बांधून. दाजींना मशीन लागलं होतं. काचेतनं त्यांचा हात दिसत होता. पाच मिनिटं हाताशी होती, अक्का म्हणाली. मी तिच्या शेजारी बसलो. एवढा येळ का लागला, कुठनं आलास, असं तिनं सहज विचारलं.

मी म्हणालो, तुझ्यामागनंच आलो की, पन्हळीपुढनं.

तिनं माझ्या पायांकडं बघितलं. 

"चपला कोरड्या हायत तुझ्या," ती म्हणाली.

मी पाय बाकाखाली ओढून घेतले.